एकट्यानं केलेली गाडी

परवा माहेरी, केनवडला गेले तर शेडात सोयाबीनची पोती लागलेली. पार मागच्या भिंतीपर्यंत थप्पी. आठ वर्षांत पहिल्यांदा आमच्या सोयाबीनला स्वतःच्या घरचं छप्पर मिळालं. मी दारातच उभी राहिले. नव्या पोत्यांचा कोरडा, किंचित कडवट वास येत होता आणि त्याच्याखाली जमिनीत मुरलेला जुन्या ऑइलचा वास. मायनं शेणानं दोनदा सारवलं म्हणे. तो काही गेलेला नाही.

सगळीकडे सोंगणी, म्हणजे कापणी, चालू आहे. वाशिमहून येताना बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पिवळी-करडी रानं, कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या, त्यांच्यावर झाकलेल्या ताडपत्र्या. कुठे तरी हडंबा चालू असतो, म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र. त्याच्या तोंडातून कुटाराचा, बारीक भुश्याचा, लोट उडतो आणि रस्त्यावरच्या माणसांच्या मानेत, कानांत जाऊन बसतो. घाम आणि कुटार एकत्र झालं की अंगाला जी खाज सुटते ती दोन आंघोळींनी जात नाही. पाऊस संपलेला, थंडी लागलेली नाही, आणि मधल्या या पंधरा-वीस दिवसांत ऊन असं पडतं की रानात उभं राहिलं तर शेंगा तडकल्याचा आवाज ऐकू येतो. टक्. टक्. वाळलेली शेंग फुटते आणि दाणा मातीत जातो. सोयाबीन कोणासाठी थांबत नाही.

मला हे दिवस फार आवडायचे. दसरा, दिवाळी, घरात नवा माल, माहेरची ओढ. आता हा हंगाम आला की आधी चार वर्षांपूर्वीचा तो दसरा आठवतो.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. पस्तीस वर्षं सायकलवर गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, राजकारणात पडतात, निदान नातवंडांना ओरडतात. बाबांनी गाडी आणली. रिसोडला एका आडत्याच्या गोदामामागे, लिंबाच्या झाडाखाली, एक पांढरी अँबेसेडर कितीतरी वर्षं उभी होती. त्या आडत्याचे वडील तीत बसून बाजारातून निघायचे तेव्हा तरुणपणीचे बाबा सायकल कडेला घेऊन उभे राहायचे. हे त्यांनी आम्हाला खूप नंतर सांगितलं. आडत्या म्हणाला, "घेऊन जा मास्तर, लिंबाखालची जागा तं मोकळी होईल."

ट्रॅक्टरला दोर बांधून ती आमच्या घरी आली. एक दार तारेनं बांधलेलं. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. आत वाकून पाहिलं तर पायाखालचा पत्रा गंजून गेलेला, खालची माती दिसायची. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मास्तर, हे गाडी हाय का चाळणी?" अकोल्याला नोकरीला असलेला माझा भाऊ फोनवर म्हणाला, "बाबांना सांग, भंगारवाले घरी येऊन घेऊन जातात, आपण त्यांच्याकडून आणायचं नसतं." माझे यजमान हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

माय हसली नाही. तिनं शेडाकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "सोयाबीन कुठी ठेवाचं?"

"एका वर्साचा तं प्रश्न हाय," बाबा म्हणाले.

त्या वर्षी आमची पोती मोठेबाबांच्या ओसरीत गेली. पुढच्या वर्षीही गेली. मोठेबाबा दरवेळी चारचौघांत सांगायचे की मास्तराच्या सोयाबीनपेक्षा मास्तराचं भंगार भाग्यवान.

बाबांच्या धीराचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. इंजिन जाम झालेलं होतं. दुसरा कोणी असता तर हातोडा घेतला असता. बाबांनी वरून थोडं डिझेल, थोडं ऑइल सोडलं आणि वाट पाहत बसले. रोज सकाळी चहा झाला की समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालायचे, हलकेच जोर द्यायचे, हललं नाही की काढून पुसून ठेवायचे. चिडणं नाही, शिवी नाही. असं दीड महिना. एका सकाळी हँडल बोटभर हललं. बाबा घरात आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मी वाशिमला कॉलेजात शिकवते. पोरांना वर्गात ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली. जोर लावू नका, मुरू द्या, वाट पाहा. पोरांना आवडायची.

गंजलेल्या नटाशी बाबा आठ-आठ दिवस असे बोलायचे जसं एखाद्या रुसलेल्या लेकराशी बोलावं. "ये बापू, ये. घाई नाई." आणि त्याच दुपारी मायनं चुकीचा पाना हातात दिला की, "बारा-तेराचा मांगतला न? डोये हाय का बटनं?"

माय पाना बदलून द्यायची. हे मी वर्गात सांगायचे नाही. खरं म्हणजे ते तेव्हा मला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

ती गाडीखाली कशी गेली तेही नीट आठवत नाही. पहिलं वर्षभर ती त्या शेडात फिरकली नव्हती. पण काही कामं अशी असतात की ती एका माणसाला होतच नाहीत. कोणीतरी बॅटरी धरावी लागते, कारण गाडीच्या पोटाखाली भर दुपारीही अंधार असतो. कोणीतरी बोल्टचं डोकं धरून ठेवावं लागतं, तेव्हा खालून नट फिरतो. भाऊ अकोल्याला, मी वाशिमला. मोठेबाबा टिंगलीपुरते. राहिली माय. सकाळी रानात, दुपारी गाडीखाली. पापडाच्या डब्यांत तिनं सगळे नट-बोल्ट निवडून ठेवले, गहू निवडावेत तसे, आणि कोणत्या डब्यात पुढच्या चाकाचं, कोणत्यात दाराचं, ते तिच्या तोंडपाठ. बाबा वहीत लिहायचे आणि वही हरवायचे.

ब्रेकची हवा काढायची होती तेव्हा मी चार दिवस माहेरीच होते. त्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून नळीचं तोंड सैल करायचं, तेलासोबत हवा बाहेर येऊ द्यायची, पुन्हा बंद करायचं. माय ड्रायव्हरच्या जागेवर बसली. सीट नव्हतीच तेव्हा, उलटं ठेवलेलं घमेलं होतं. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"दाब," बाबा खालून ओरडायचे. "धर. धर म्हणलं न. सोड. दाब."

दिवसभर हेच. चारी चाकांना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बाबांनी अजून एकदा दाबायला सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "आता झालं वो. घट्ट लागून राह्यलं."

"तुले काय समजते त्यातलं?"

बाबांनी आणखी दोनदा करून पाहिलं. हवेचा एक बुडबुडा आला नाही. झालेलंच होतं. पस्तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय होता तो, त्याला समजलं होतं. बाबांनी हात पुसले आणि मला म्हणाले, "पाह्यलं? तीन दिवस लागले. पण धीर सोडला नाई." मी मान हलवली. माय घमेल्यावरून उतरली, गुडघे धरून थोडी उभी राहिली आणि स्वयंपाकाला गेली.

सीटाही तिनंच शिवल्या. काथ्या भरला, वर जाड रेक्झिन, दुहेरी शिलाई. मशीनच्या सुया मोडायच्या. कारंज्याला कोणाकडे तरी जाड सुया मिळतात असं कळलं, तर ती एकटी बस बदलत कारंज्याला जाऊन आली. संध्याकाळी परत आली तेव्हा हातात फक्त सुयांची पुडी होती. बाबा म्हणाले, "दोनच आणल्या?"

त्याच सुमाराला मी एक फोटो काढला होता. बाबा बॉनेटवर वाकलेले, कपाळाला काळा डाग, चष्मा नाकाच्या टोकावर. फार छान आला होता. फक्त कडेला मायचा बॅटरी धरलेला हात आणि बांगड्या येत होत्या. ते बरं दिसत नव्हतं. मी तेवढी कड कापली आणि फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "माझे बाबा, धीराचं दुसरं नाव." दीडेकशे लोकांनी पाहिला. मोठेबाबांच्या घरीसुद्धा पाहिला, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं जरा बदललं.

आणि मग तो हंगाम. सोयाबीन चांगलं आलं होतं त्या वर्षी, पण मजूर मिळेनात. ऊन वाढलं, शेंगा तडकायला लागल्या. बाबांची गाडी नेमकी शेवटाला आलेली. "आता हात सोडला तं लय मांगं पडते," म्हणाले. माय चार बायांना घेऊन स्वतः सोंगायला गेली. सोयाबीनच्या शेंगेला टोक असतं, सुईसारखं. आठ दिवसांत तिचे तळहात असे झाले की कणीक मळताना ती ओठ दाबून धरायची. हडंबा आला त्या दिवशीही रानात तीच होती. गळ्यापर्यंत कुटार. दुपारी भाकर घेऊन घरी आली ती बाबांसाठी, आणि आलीच आहे तर म्हणून बाबांनी तिला पुन्हा ब्रेकवर बसवलं.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी गाडी चालू झाली.

दसऱ्याला आम्ही सगळे जमलो. भाऊ-वहिनी आले, आम्ही दोघं आलो, मोठेबाबा धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून आमच्याच अंगणात. गाडी काय दिसत होती! पांढरीशुभ्र, झेंडूचे हार, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. ज्यांनी तिला चाळणी म्हटलं होतं ते तिच्या पत्र्यावरून हात फिरवत होते. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मी म्हणतच होतो, बाबा सोडणार नाहीत." मायनं पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नवं लुगडं नेसली होती ती, हिरवं. डोक्यात झेंडूचं एक फूलही होतं. मला आठवतं, कारण ती फूल कधी माळत नसे.

बाबा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. शेजारी मोठेबाबा, थोरले म्हणून. मागे भाऊ, वहिनी, माझे यजमान. मी धावत जाऊन खिडकीकडची जागा धरली. मग आमच्या लक्षात आलं की माय बाहेर उभी आहे.

कोणी वाईट नव्हतं. "काकू, या ना, सरकतो," असं माझे यजमान म्हणालेसुद्धा. पण कोणी सरकलं नाही. बाबा आरशात पाहत म्हणाले, "तिचं काय, घरचीच गाडी हाय. कवाबी बसन. पुढच्या खेपीले."

"जा तुमी," माय म्हणाली. "पुरण चुलीवर हाय."

मी खिडकीत होते. माझ्या आणि तिच्यामध्ये एक हाताचं अंतर होतं. मी उतरू शकत होते. मी तिला हात हलवून टाटा केला.

रिसोडपर्यंत लोक थांबून पाहत होते. बाजारात गाडी उभी केली तर गर्दी जमली. तो आडत्या आला, त्यानं बाबांना मिठी मारली. एका छोट्या पेपरचा वार्ताहर आला आणि वही काढून विचारू लागला. किती वर्षं लागली? सामान कुठून आणलं? कोणाची मदत झाली?

बाबा पत्र्याला टेकून उभे होते. ऊन तोंडावर होतं. "मदत कोनाची?" ते म्हणाले. "लोकं हासत होते. चार वर्सं एकट्यानं केली."

मोठेबाबांनी मान डोलावली. भावानं मान डोलावली. आणि मीही, इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेली, माझीही मान हलली. मला तेव्हा काही खटकलं होतं का? पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. खटकलं असावं असं वाटतं. पण आठवतं एवढंच की मला भूक लागली होती आणि घरी पुरण होतं.

दोन दिवसांनी पेपर आला. मोठा फोटो आणि वर जाड अक्षरांत तेच, "एकट्याने". माय सातवी शिकलेली आहे. तिनं उंबऱ्यावर बसून बोट ठेवून सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. फार वेळ लागला. मग नीट घडी घालून बाबांच्या हातात दिला. "मस्त लिव्हलं," म्हणाली.

त्या दिवसानंतर ती शेडात गेली नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर. थंडीत गाडीचा क्लच बिघडला. बाबा दोन दिवस एकटे खाली धडपडले. भाऊ सुटीला आला होता, त्यानं पाना लावला, पाच मिनिटांत वैतागला आणि बोल्ट तोडून ठेवला. शेवटी बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अवं, जरा बॅटरी धरतं का?"

माय भाकर थापत होती. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. तिनं वर पाहिलं नाही.

"एकट्यानं केली होती न," ती म्हणाली. "मंग आता बी तसीच करा."

बाबा तसेच मागे फिरले. रिसोडहून मिस्त्री आणला त्यांनी.

पुढची खेप पुष्कळदा आली. ती बसली नाही. कधी पाठ दुखायची, कधी पाहुणे यायचे असायचे. पुढच्या दिवाळीत तिला चष्म्यासाठी रिसोडला जायचं होतं आणि मला परत वाशिमला. बाबा म्हणाले, दोघींना सोडतो. माय मला म्हणाली, "तुह्याजवळ सामान हाय. तू जाय गाडीनं. मी यष्टीनं जाईन." आणि पायी फाट्यावर जाऊन उभी राहिली. आमची गाडी फाट्यावर आली तेव्हा बाबांनी थांबवली, खाली उतरले, चारचौघांसमोर मागचं दार उघडून धरलं. असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. बसच्या वाटेकडे पाहणाऱ्या बाया एकमेकींना कोपर मारू लागल्या. तेवढ्यात बस आली. माय त्या उघड्या दारासमोरून गेली आणि बसमध्ये चढली.

बस पुढून भरलेली असावी, तिला शेवटच्या ओळीत जागा मिळाली. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. रिसोडपर्यंत रस्ता मोकळा होता, बस संथ चाललेली, तरी बाबांनी ती ओलांडली नाही. धूळ खात मागे मागे चालवत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. एकदा म्हणाले, "तुही माय वळून पाहीन का?" तिनं पाहिलं नाही.

मला वाटायचं की बाबांनी एकदा तोंडानं म्हणायला हवं. सगळ्यांसमोर. म्हटलं की मिटेल. यंदा ते म्हणाले.

बाबांचे गुडघे गेलेत, एका डोळ्याला मोतीबिंदू. गाडी काढणं होत नाही. दसरा झाल्यावर अमरावतीचा एक गृहस्थ ती न्यायला आला, जुन्या गाड्यांचा शौकीन. भाव फोनवरच ठरलेला होता. मी त्या दिवशी केनवडलाच होते. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मग आत बसला आणि सीटवरून हात फिरवत राहिला.

"काका, ही शिलाई कोणाकडून करून घेतली? असं काम आता कोणी करत नाही."

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग मोठ्यानं, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"माह्या घरच्या बाईनं केली. शिलाईच नाई, ब्रेकबी तिनंच धरले, सारे नट तिलेच ठावूक. अर्धी गाडी तिची हाय."

त्यांचा आवाज शेवटी फाटला. मला वाटलं, झालं.

माय चहा घेऊन बाहेर आली. एकेकाच्या हातात कप दिला. बाबांना देताना थांबली.

"अर्धी माही हाय?"

"हाय न."

"मंग इकायच्या आदुगर माह्या अर्ध्याले इचारलं काय?"

पाहुण्याला ती थट्टा वाटली, तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही. बाबांनी कप खाली ठेवला. "राहू दे मंग," ते म्हणाले. "नाई इकत."

"न्या हो भाऊ," माय पाहुण्याला म्हणाली. "झालेली बोली मोडाची नसते."

गाडी गेली. बाबा फाटकाशी उभेच होते, पाठमोरे. माय अंगणात कप गोळा करत होती. माझ्यापाशी आली.

"तुले माईत होतं?"

बाबांनी मला फोन केला होता, इकू का म्हणून. मी म्हटलं होतं, विकून टाका. तेव्हा ते म्हणाले होते, मायले सांगू नको, मी सांगतो. आणि मी सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"कवापासून?"

"आठ दिवस झाले."

तिनं मान हलवली. माझा चहा अजून अर्धा होता. तिनं माझ्या हातातून कप घेतला, ताटलीत इतर कपांशेजारी ठेवला आणि आत गेली.